कलेक्टेड ० आयटम्स, १ एरर

पायथॉनमधलं एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर फेडोरा, डेबियन किंवा जेंटू अशा एखाद्या लिनक्स डिस्ट्रोसाठी पॅकेज करायला घेतलं, की पहिले टप्पे बहुधा विनातक्रार पार पडतात. सोर्सचा टारबॉल उतरतो, पॅच लागतात, बिल्ड होतं, फाइली आपापल्या जागी जाऊन बसतात. मग टेस्टचा टप्पा येतो आणि पडद्यावर उमटतं : 'कलेक्टेड ० आयटम्स / १ एरर'. त्याखाली दोन्ही बाजूंना उद्गारचिन्हांची रांग लावून 'इंटरप्टेड : १ एरर ड्युरिंग कलेक्शन'. बिल्ड तिथेच थांबतं.

'टेस्ट फेल झाली', असं यावर सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात एकही टेस्ट धावलेली नसते. नापास व्हायला आधी परीक्षेला बसावं लागतं. इथे हजेरी घेतानाच गाडं अडलेलं आहे. हा शब्दच्छल वाटेल, पण पुढची सगळी शोधाशोध यावर ठरते. टेस्ट फेल झाली, तर खोट प्रोग्रामच्या वागण्यात शोधायची. कलेक्शन अडलं, तर खोट बहुधा भोवतालात असते : काय बसवलंय, काय बसवायचं राहिलंय, कुठली फाईल कुठून उचलली गेली. आणि भोवताल ही तर पॅकेज करणाऱ्याचीच जबाबदारी. म्हणून हा एरर आला की मूळ लेखकाला दोष देण्याआधी आपलंच घर तपासावं, हे बरं.

एक खुलासा. या प्रकरणात आज्ञा, पर्याय आणि संदेश देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

इम्पोर्ट म्हणजे फाईल चालवणं

पायथॉनच्या टेस्ट चालवायचं आजचं सर्वांत रुळलेलं साधन म्हणजे पायटेस्ट. पायपाय या प्रकल्पातून ते निघालं आणि होल्गर क्रेकेल यांनी ते वाढवलं. त्याचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी ते डिरेक्टरी धुंडाळतं, 'टेस्ट_' ने सुरू होणाऱ्या किंवा '_टेस्ट' ने संपणाऱ्या पायथॉन फाइली शोधतं, त्यातली प्रत्येक फाईल इम्पोर्ट करतं आणि तिच्यात टेस्टची फंक्शनं किती आहेत याची यादी बनवतं. हे कलेक्शन. यादी पुरी झाल्यावर टेस्ट धावू लागतात.

यातली मेख 'इम्पोर्ट' या शब्दात आहे. पायथॉनमध्ये फाईल इम्पोर्ट करणं म्हणजे ती वरपासून खालपर्यंत चालवणं. फंक्शनांच्या पोटातला कोड तेवढा चालत नाही. बाहेरचं सगळं चालतं. वरच्या इम्पोर्टच्या ओळी चालतात, मोकळ्यावर लिहिलेले स्थिरांक मोजले जातात आणि फंक्शनांच्या डोक्यावर बसवलेले डेकोरेटरही त्यांच्या यादीसकट चालतात. कुणी 'पॅरामेट्राइझ' च्या यादीत 'या संकेतस्थळावरून नमुने उतरवून घे' असं लिहिलं असेल, तर ते उतरवणं टेस्टच्या वेळी होत नाही. कलेक्शनच्याच वेळी होतं. जवळपास सगळे कलेक्शन एरर या एका गोष्टीतून जन्मतात.

एका फाईलमध्ये असा एरर निघाला, तरी पायटेस्ट बाकीच्या फाइली गोळा करतं. पण शेवटी एकही टेस्ट न चालवता थांबतं. शेकडो टेस्ट तयार असतात आणि एका नाठाळ फाईलपायी सगळ्या ताटकळतात. पुष्कळांना हा आडमुठेपणा वाटतो. मला तो रास्त वाटतो. एकूण किती टेस्ट आहेत हेच ठाऊक नसताना 'सगळ्या पास' या वाक्याला अर्थ उरत नाही.

पायटेस्ट जाताना एक आकडा मागे ठेवून जातं, आणि बिल्डचा लॉग वाचताना तो आधी पाहावा. ० म्हणजे सगळं ठीक. १ म्हणजे टेस्ट धावल्या आणि काही पडल्या. २ म्हणजे काम मध्येच थांबलं. कलेक्शन एररचा आकडा हाच. ३ म्हणजे पायटेस्टच्याच आत काही बिघडलं. ४ म्हणजे पायटेस्टला बोलावण्यातच चूक झाली, आणि ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही.

यातला ४ फसवा आहे. पुष्कळ प्रकल्प आपल्या मांडणीच्या फाईलमध्ये '--कव्ह' हा पर्याय कायमचा लिहून ठेवतात. कोडचा किती भाग टेस्टखाली आला, हे त्याने मोजलं जातं. लेखकाला त्या मोजणीचा उपयोग आहे, डिस्ट्रोला नाही, म्हणून पॅकेजच्या बिल्डमध्ये हा पर्याय पुरवणारं प्लगिन बसवलेलं नसतं. मग पायटेस्ट 'अनरेकग्नाइझ्ड आर्ग्युमेंट्स' म्हणून दारातूनच परततं. यावर प्लगिन बसवायच्या भानगडीत पडू नका. पर्याय काढून टाका. फेडोराचे पॅकेजिंगचे नियमही कव्हरेज आणि लिंटर बिल्डमधून वगळायलाच सांगतात. 'कॉन्फटेस्ट' ही सामायिक फाईल इम्पोर्ट होताना काही फुटलं तरीही आकडा ४ च येतो, हेही लक्षात असू द्या.

लॉग कसा वाचायचा

समजा लॉगमध्ये असं आलं : 'एरर कलेक्टिंग टेस्ट्स/टेस्ट_युटिल्स.पीवाय'. खाली 'इम्पोर्टएरर व्हाइल इम्पोर्टिंग टेस्ट मॉड्यूल'. त्याखाली एक सूचना : 'हिंट : मेक शुअर युअर टेस्ट मॉड्यूल्स/पॅकेजेस हॅव व्हॅलिड पायथॉन नेम्स'. मग ट्रेसबॅकच्या काही ओळी, आणि शेवटी डावीकडे एकटं 'ई' अक्षर असलेली ओळ : 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर : नो मॉड्यूल नेम्ड इम्प'.

ती हिंट सोडून द्या. फाईलच्या नावात वावगं काही असण्याची शक्यता हजारात एखादी. तरी ही सूचना प्रत्येक इम्पोर्ट एररसोबत छापली जाते आणि नवशिका नावं तपासत बसतो. थेट 'ई' च्या ओळीवर जा. तिथून एकेक पायरी वर चढत प्रत्येक पायरीवर फाईलचा मार्ग पाहा. मार्ग 'टेस्ट्स' ने सुरू होत असेल, तर टेस्टलाच काही हवं आहे. प्रकल्पाच्या स्वतःच्या डिरेक्टरीतला असेल, तर प्रोग्रामला हवं आहे. म्हणजे टेस्ट वगळली तरी वापरणाऱ्याच्या संगणकावर तोच एरर येणार. आणि मार्ग 'साइट-पॅकेजेस' मधला, डेबियनवर 'डिस्ट-पॅकेजेस' मधला असेल, तर बिघाड तुमच्या पॅकेजात नाहीच, शेजारच्या पॅकेजात आहे.

वरचं 'इम्प' चं उदाहरण मुद्दामच घेतलं. पायथॉनसोबत येणारं हे जुनं मॉड्यूल ३.४ पासून 'वापरू नका' या यादीत होतं. २ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या पायथॉन ३.१२ ने ते काढूनच टाकलं. फेडोरा ३९ मध्ये ३.१२ आलं, तेव्हा सगळी पॅकेजं नव्या पायथॉनवर पुन्हा बांधावी लागली. अशा वेळी ज्या टेस्टमध्ये 'इम्प' चा उल्लेखही नाही त्यांच्यातही हा एरर दिसतो. ट्रेसबॅकच्या पायऱ्या चढल्या की उलगडा होतो. 'इम्प' मागणारी फाईल असते 'नोज' या जुन्या टेस्ट-साधनाची. 'नोज' ची शेवटची आवृत्ती १.३.७, २०१५ सालची.  आणि 'नोज' ला बोलावणारी ओळ टेस्ट फाईलच्या अगदी माथ्यावर : 'फ्रॉम नोज.टूल्स इम्पोर्ट ईक्यू_'. दोन गोष्टी समान आहेत का एवढं बघणारं ते एक चिमुकलं फंक्शन, आणि त्याच्यासाठी सगळं जुनं साधन आत ओढलं जातं.

इथे कुणी 'नोज' मध्ये 'इम्प' परत बसवायचा पॅच लिहू लागला, तर श्रम वाया जातील. टेस्टमधली ती ओळ उडवायची आणि 'ईक्यू_' च्या जागी साधा 'असर्ट' लिहायचा. असा पॅच मूळ प्रकल्पही आनंदाने घेतो.

याच ३.१२ ने 'युनिटटेस्ट' मधली 'असर्टइक्वल्स' वगैरे जुनी टोपणनावंही काढली. पण त्यांचा एरर कलेक्शनमध्ये दिसत नाही. ती नावं फंक्शनच्या पोटात असतात आणि टेस्ट धावल्यावरच फुटतात. काढून टाकणारी आवृत्ती एकच, पण एक बदल कलेक्शन अडवतो आणि दुसरा टेस्ट पाडतो. आधी सांगितलेला इम्पोर्टचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

७ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या ३.१३ ने पुढचा हात फिरवला. 'सीजीआय', 'टेलनेटलिब', 'क्रिप्ट', 'पाइप्स', 'इमजीएचडीआर' धरून १९ जुनी मॉड्यूलं एका फटक्यात गेली. ज्यांनी धोक्याची सूचना वर्षानुवर्षं लॉगमध्ये वाचून सोडून दिली, त्यांच्या टेस्ट कलेक्शनलाच बसल्या.

रिकामी खोली

'माझ्या लॅपटॉपवर चालतं', हे उत्तर प्रत्येक पॅकेजरने ऐकलेलं असतं, आणि बहुधा ते खरंही असतं. डिस्ट्रोचं पॅकेज मात्र कुणाच्या लॅपटॉपवर बांधलं जात नाही. फेडोरात 'मॉक', डेबियनमध्ये 'एसबिल्ड' ही साधनं दर वेळी नवी, जवळजवळ रिकामी व्यवस्था उभी करतात. पॅकेजने जे मागितलं तेवढंच तिथे बसवलं जातं. इंटरनेट नसतं. वापरकर्त्याचं नेहमीचं घर, म्हणजे होम डिरेक्टरी, नसतं. निक्स या पॅकेज व्यवस्थेत तर 'होम' या चलाची किंमत मुद्दाम '/होमलेस-शेल्टर' ठेवलेली असते, आणि ती डिरेक्टरी अस्तित्वात नसते. इम्पोर्ट होताक्षणी वापरकर्त्याच्या घरात सेटिंगची फाईल लिहायला धावणारं मॉड्यूल तिथे 'परमिशन डिनाइड : /होमलेस-शेल्टर' म्हणत कोसळतं. उपाय सोपा आहे : टेस्टपुरती तात्पुरती डिरेक्टरी बनवून तिला घर म्हणून दाखवणं. पण नुसतं इम्पोर्ट केल्यावर कुणाच्या घरात फाइली लिहिणं हीच वाईट सवय आहे, हे मूळ लेखकाला कळवायलाही हरकत नाही.

नेटचंही तसंच. कलेक्शनमध्ये 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' असा संदेश आला की पुन्हा बिल्ड चालवून पाहण्याचा मोह होतो. त्या खोलीत हे अपयश तात्पुरतं नसतं. तिथे नेट कधीच येणार नाही. टेस्ट नेटवर जाते आहे, तीही इम्पोर्टच्या वेळी, हे निदान पहिल्याच फेरीत पक्कं धरावं.

रिकाम्या खोलीतला सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त भेटणारा एरर म्हणजे टेस्टला लागणारी डिपेंडन्सी मागायची राहिली. मूळ प्रकल्प ती यादी कुठे ठेवतो याचा नेम नाही : 'पायप्रोजेक्ट' फाईलमधल्या 'टेस्ट' नावाच्या जादा गटात, 'टॉक्स' च्या मांडणीत, 'रिक्वायरमेंट्स-डेव्ह' फाईलमध्ये, नाहीतर थेट त्यांच्या सीआयच्या आज्ञांमध्ये. शोधताना आणखी एक चकवा असतो. इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. कोड 'यामल' मागतो, पॅकेज 'पायायामल'. कोड 'पिल' मागतो, पॅकेज 'पिलो'. 'बीएस४' मागे 'ब्युटिफुलसूप४' असतं आणि 'डेटयुटिल' मागे 'पायथॉन-डेटयुटिल'.

सगळ्यात गमतीदार प्रकार 'डिस्टयुटिल्स' चा. ३.१२ मधून तेही काढलं गेलं. पण 'सेटअपटूल्स' बसवलेलं असेल, तर ते गुपचूप आपल्याजवळची प्रत 'डिस्टयुटिल्स' म्हणून पुढे करतं. लेखकाच्या लॅपटॉपवर कुठल्या ना कुठल्या कारणाने 'सेटअपटूल्स' असतंच, म्हणून त्याच्या टेस्ट हसतखेळत चालतात. रिकाम्या खोलीत ते नसलं की कलेक्शन अडतं. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात. इथे 'सेटअपटूल्स' डिपेंडन्सीत घातलं की बिल्ड हिरवं होतं, आणि घाईच्या वेळी तेवढं चालेल. कोडमधून 'डिस्टयुटिल्स' उखडणं हे मात्र त्या प्रकल्पाचं काम आहे, आणि त्याची नोंद त्यांच्याकडे करायला हवी.

एखादी डिपेंडन्सी तुमच्या डिस्ट्रोत नसेलच तर? समजा, वीस टेस्ट फाइलींपैकी एकीलाच 'पांडाज' लागतं. तिथे पायटेस्टचं 'इम्पोर्टऑरस्किप' कामी येतं : मॉड्यूल सापडलं तर घे, नाहीतर ही फाईल सोडून पुढे जा. एका ओळीचा पॅच. ८.२ पासून पायटेस्टने इथे थोडी शिस्त आणली आहे. मॉड्यूल मुळात नसेल तर ते मुकाट्याने पुढे जातं, पण मॉड्यूल आहे आणि आतून मोडलंय, असं दिसलं तर इशारा देतं. बसवलेलं पण तुटकं मॉड्यूल 'नाही' समजून झाकलं जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

भलतीच प्रत

आता त्या एररकडे येऊ, ज्यावर सर्वांत जास्त वेळ जातो. पॅकेज बिल्ड झालंय. त्यात सी, सायथॉन किंवा रस्टमध्ये लिहिलेला एक भाग आहे, तोही व्यवस्थित कम्पाइल झालाय. तरी कलेक्शनमध्ये संदेश येतो : 'कॅनॉट इम्पोर्ट नेम _स्पीडअप्स फ्रॉम पार्शली इनिशलाइझ्ड मॉड्यूल', आणि पुढे कंसात पायथॉनचा आगाऊ अंदाज : बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे.

हा अंदाज इथे चुकीचा आहे. पॅकेजर सर्क्युलर इम्पोर्ट शोधायला दोन फाइली समोरासमोर ठेवून बसतो आणि त्याला काहीही सापडत नाही, कारण तसलं काही नसतंच. उत्तर त्याच ओळीच्या शेवटी, दुसऱ्या कंसात छापलेलं असतं : फाईलचा पूर्ण मार्ग. तो मार्ग बिल्ड करून बसवलेल्या जागेचा नसतो. उलगडलेल्या सोर्सच्या डिरेक्टरीचा असतो. म्हणजे एकाच पॅकेजच्या दोन प्रती हजर आहेत. एक बसवलेली, कम्पाइल झालेल्या भागासकट. दुसरी सोर्समधली, नुसत्या पायथॉन फाइलींची. पायथॉनने दुसरी उचलली, आणि तिच्यात '_स्पीडअप्स' कधी नव्हतंच. आवृत्तीची '_व्हर्जन' फाईल बिल्डच्या वेळी तयार होत असेल, तर तीही सोर्समध्ये नसते आणि तिच्या नावाने तोच दंगा होतो. नमपायच्या लेखकांना हा ताप इतका झाला असावा, की त्यांनी वेगळा संदेशच घालून ठेवला आहे : नमपाय तिच्याच सोर्स डिरेक्टरीतून इम्पोर्ट करू नका, तिथून बाहेर पडा.

ही भलतीच प्रत पुढे कशी येते, ते नीट समजून घ्यायला हवं. 'पायथॉन -एम पायटेस्ट' अशी आज्ञा दिली, तर पायथॉन चालू डिरेक्टरी शोधमार्गाच्या अग्रभागी घालतो. सोर्सच्या डिरेक्टरीत उभं राहून ही आज्ञा दिली की सोर्सची प्रत पहिली सापडणार. म्हणून काही जण नुसतं 'पायटेस्ट' चालवायला सांगतात. ते नेहमी पुरत नाही. पायटेस्टची मूळची पद्धत अशी, की टेस्ट फाईल इम्पोर्ट करण्यापूर्वी ते वरवर चढत जातं आणि '__इनिट__' फाईल नसलेली पहिली डिरेक्टरी शोधमार्गात सर्वांत पुढे ठेवतं. 'टेस्ट्स' डिरेक्टरीत '__इनिट__' नसेल, तर 'टेस्ट्स' च पुढे जाते आणि काही बिघडत नाही. पण तिथे रिकामी '__इनिट__' फाईल पडलेली असेल, तर पायटेस्ट आणखी एक पायरी चढून प्रकल्पाची मुळाची डिरेक्टरी पुढे ठेवतं, आणि तिथेच सोर्सची प्रत बसलेली असते. शून्य बाइटची एक फाईल, आणि सगळं बिल्ड आडवं.

खात्री करायची तर पायटेस्ट बाजूला ठेवा. बिल्ड पडलेल्या त्या खोलीतच शिरा, पायथॉन उघडा, पॅकेज हाताने इम्पोर्ट करा आणि त्याचं '__फाईल__' छापून बघा. मार्ग डोळ्यांसमोर येतो.

उपाय पुष्कळ आहेत. टेस्टच्या आधी सोर्समधली पॅकेजची डिरेक्टरी हलवून टाकणं किंवा सरळ उडवणं, हा दांडगा पण खात्रीचा. जेंटूचे लोक तो बिनदिक्कत वापरतात. दुसऱ्या डिरेक्टरीत जाऊन टेस्ट चालवणं, हा दुसरा. पायटेस्टला '--इम्पोर्ट-मोड=इम्पोर्टलिब' सांगितलं की ते शोधमार्गाला हातच लावत नाही, हा तिसरा. मात्र टेस्ट फाइली 'फ्रॉम टेस्ट्स.हेल्पर्स' अशा एकमेकींकडून उसनवारी करत असतील, तर या तिसऱ्या उपायाने ती उसनवारी तुटू शकते. मुळावरचा इलाज मूळ प्रकल्पाच्या हातात असतो : पॅकेज 'एसआरसी' नावाच्या डिरेक्टरीत एक पायरी आत ठेवणं. मग चुकून उचलायला मुळाशी प्रतच उरत नाही.

डेबियनची 'पायबिल्ड' व्यवस्था मुळात टेस्ट बिल्डच्या डिरेक्टरीत चालवते आणि फेडोराचा 'पायटेस्ट' मॅक्रो बसवलेल्या प्रतीची वाट दाखवतो, त्यामुळे पुष्कळदा हा प्रश्न उद्भवतच नाही. पण उद्भवला की दिवस खातो.

इशाऱ्याचा एरर

काही प्रकल्प स्वतःला कडक शिस्त लावून घेतात. मांडणीत 'फिल्टरवॉर्निंग्ज = एरर' लिहितात; म्हणजे कुठलाही इशारा आला की तो एरर समजायचा. लेखकाच्या दृष्टीने ही शिस्त चांगली, कारण जुनं होत चाललेलं काही वापरलं की त्याला लगेच कळतं. डिस्ट्रोत मात्र शेजारच्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या लेखकाने निवडलेल्या नसतात.

पायथॉन ३.१२ मध्ये 'यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प' हे फंक्शन जुनं ठरलं आणि ते वापरल्यास इशारा येऊ लागला. 'डेटयुटिल' ही तारखांची लायब्ररी ते फंक्शन मोकळ्यावर, इम्पोर्टच्या वेळीच वापरत होती. झालं : जो प्रकल्प 'डेटयुटिल' घेतो आणि इशाऱ्याला एरर मानतो, त्याचं कलेक्शन ३.१२ वर अडलं, मग त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये तारखेचा एक ठिपका का चुकलेला नसेना. 'डेटयुटिल' च्या २.९.० आवृत्तीने ते दुरुस्त केलं. तोवरचा मार्ग म्हणजे पायटेस्टला '-डब्ल्यू' पर्यायाने तेवढा इशारा दुर्लक्षायला सांगणं. आज्ञेतला हा पर्याय मांडणीतल्या ओळीवर मात करतो. अख्खी शिस्त मोडायची गरज नसते.

'--स्ट्रिक्ट-मार्कर्स' ही याच शिस्तीची बहीण. 'असिंकआयओ' ही खूण टेस्टवर लावलेली आहे आणि ती ओळखणारं प्लगिन बसवलेलं नाही, तर तक्रार येते ती मांडणीत खूण नोंदवलेली नसल्याची. मांडणी दुरुस्त करू नका. प्लगिन मागा.

आणखी एक एरर इतका विचित्र, की पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो : 'डिफरंट टेस्ट्स वेअर कलेक्टेड बिटवीन जीडब्ल्यू० अँड जीडब्ल्यू१'. टेस्ट लवकर उरकाव्यात म्हणून 'एक्सडिस्ट' प्लगिन अनेक प्रोसेसमध्ये काम वाटतं, आणि प्रत्येक प्रोसेस आपापलं कलेक्शन स्वतंत्रपणे करते. सगळ्या याद्या हुबेहूब जुळाव्या लागतात. पॅरामीटरची यादी 'सेट' मधून आली असेल, तर त्यातल्या शब्दांचा क्रम प्रोसेसगणिक बदलतो. सुरक्षेसाठी पायथॉन ३.३ पासून शब्दांचा हॅश दर वेळी नव्या बीजाने काढला जातो. एका प्रोसेसच्या यादीत 'जेसन' आधी, दुसरीच्या यादीत 'यामल' आधी, की झालं. 'सॉर्टेड' एवढा एक शब्द त्या 'सेट' भोवती गुंडाळला की प्रश्न मिटतो. चार कोअरच्या लॅपटॉपवर कधीतरी दिसणारा आणि पुन्हा चालवल्यावर नाहीसा होणारा हा एरर 'लॅपटॉप तापला असेल' म्हणून सोडून देऊ नये.

वगळायचंच असेल तर

कधीकधी खरंच इलाज नसतो. डिपेंडन्सी डिस्ट्रोत नाही, मूळ लेखक उत्तर देत नाही, आवृत्ती उद्या बाहेर पडायची आहे. मग ती फाईल वगळावी लागते. इथेही लोक हमखास अडखळतात. '-के' ने टेस्टचं नाव गाळलं, '--डिसिलेक्ट' लावलं, तरी एरर जागच्या जागी. जाणारच नाही, कारण हे दोन्ही पर्याय यादी झाल्यानंतर तिच्यातून नावं खोडतात, आणि इथे यादीच होत नाहीये. फाईल इम्पोर्टच होऊ द्यायची नसेल, तर '--इग्नोर' हवं. जेंटूत म्हणूनच 'ईपायटेस्ट_डिसिलेक्ट' आणि 'ईपायटेस्ट_इग्नोर' अशा दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि निक्समध्ये 'डिसेबल्डटेस्ट्स' आणि 'डिसेबल्डटेस्टपाथ्स'. कलेक्शन एररला दुसरीच लागते.

'--कंटिन्यू-ऑन-कलेक्शन-एरर्स' असाही पर्याय आहे. तो निदानासाठी उत्तम : बाकीच्या शेकडो टेस्ट चालतात की नाही, ते एका फेरीत कळतं. पॅकेजमध्ये तो ठेवू नये. त्याहून वाईट म्हणजे स्पेक फाईलमध्ये, म्हणजे फेडोराच्या पॅकेजच्या कृतीत, टेस्टच्या आज्ञेपुढे दोन उभ्या रेघा आणि विसर्ग टाकून निकालच गिळून टाकणं.   त्याने बिल्ड हिरवं दिसतं, टेस्ट शून्य चालतात, आणि हे दोन्ही वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पायथॉनच्या स्वतःच्या 'युनिटटेस्ट' नेही ३.१२ पासून एकही टेस्ट न सापडल्यास ५ हा आकडा द्यायला सुरुवात केली. तोवर शून्य टेस्ट चालवूनही ते 'ओके' म्हणत असे.

निदान इम्पोर्टची तरी खात्री हवी. फेडोराचा 'पायप्रोजेक्ट_चेक_इम्पोर्ट' मॅक्रो आणि निक्सचं 'पायथॉनइम्पोर्ट्सचेक' पायटेस्टला मध्ये न घेता पॅकेजची मॉड्यूलं इम्पोर्ट करून बघतात. हे पास झालं आणि पायटेस्टचं कलेक्शन अडलं, तर वाट टेस्टकडे जाते. हेच पडलं, तर वगळण्याचा विचार सोडा. तुमचं पॅकेज वापरणाऱ्याकडेही उघडणार नाही.

मूळ प्रकल्पाला कळवताना 'तुमच्या टेस्ट मोडल्या आहेत' अशी सुरुवात करू नका. 'ई' ची ओळ, तिच्या वरच्या दोन पायऱ्या, पायथॉनची आणि त्या डिपेंडन्सीची आवृत्ती एवढं द्या. जमलं तर पॅच जोडा. आणि 'इग्नोर' ची ओळ लिहावीच लागली, तर तिच्या डोक्यावर कारण आणि बगचा क्रमांक लिहून ठेवा. पुढची आवृत्ती बांधायला घ्याल, तेव्हा सगळ्यात आधी ती ओळ काढून बिल्ड चालवून बघा.